मोरीतले पडणे आणि कोपराचा नवा सांधा: 14 महिन्यांनंतरचे परीक्षण

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला माझी आई, वय 74, साताऱ्याच्या घरी मोरीत पाय घसरून उजव्या कोपरावर पडली आणि सहाव्या दिवशी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात तिच्या कोपराचा पूर्ण सांधा बदलण्यात आला. त्या गोष्टीला आता 14 महिने झाले. गुडघा किंवा खुबा बदलून घेतलेले कोणी ना कोणी प्रत्येकाच्या नात्यागोत्यात सापडते, त्यामुळे त्या शस्त्रक्रियांविषयी चार ठिकाणी विचारता येते. कोपर बदललेला माणूस मात्र आम्हाला त्या सहा दिवसांत एकही भेटला नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना कोणते प्रश्न विचारावेत एवढे तरी कळावे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मला काही तक्रारीही करायच्या असल्याने रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव मुद्दाम देत नाही.

पडल्यानंतरचा पहिला दिवस वायाच गेला. शेजारच्या काकूंनी हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह धरला होता आणि दादाही जवळजवळ तयार झाला होता, पण हात इतका सुजला होता आणि कोपर इतके विचित्र दिसत होते की आईनेच नको म्हटले. गावातल्या दवाखान्यात एक्स-रे काढून, हात पट्टीत बांधून, पुण्याला जा असे सांगण्यात आले. पुण्यात सीटी स्कॅन झाला आणि संगणकाच्या पडद्यावर हाडाचे चित्र फिरवून दाखवल्यावर प्रकरण काय आहे ते आमच्या ध्यानात आले. दंडाचे हाड खाली कोपराशी येताना रुंद होते आणि त्याचे दोन खांब होतात. त्या दोन खांबांच्या मध्ये विहिरीवरच्या कप्पीसारखा एक गुळगुळीत भाग असतो, ज्यावर कोपराखालचे करंगळीच्या बाजूचे हाड, म्हणजे अल्ना, पुढेमागे फिरते. आईचे दोन्ही खांब मोडले होते आणि कप्पीचे किमान पाच तुकडे झाले होते. त्यातले दोन तर नखाएवढे होते.

अशा वेळी तीन वाटा असतात. हात काही आठवडे बांधून ठेवून मिळेल तेवढ्या हालचालीवर समाधान मानणे ही पहिली. ज्यांची प्रकृती भूल सोसण्यासारखी नाही किंवा ज्यांना हाताचा फार वापर करायचा नाही त्यांच्यासाठी ती अजूनही वाईट मानली जात नाही. दुसरी, तुकडे जुळवून दोन्ही खांबांवर प्लेटा आणि स्क्रू बसवणे. तिसरी, तुकडे काढून टाकून कृत्रिम सांधा बसवणे. आम्ही ज्या पहिल्या सर्जनना भेटलो ते प्लेटांच्या बाजूचे होते आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की कोपराचा सांधा बदलण्याचा त्यांचा स्वतःचा अनुभव अगदी थोडा आहे. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, कारण हे वाक्य उच्चारायला धैर्य लागते. दुसऱ्या सर्जननी सीटी स्कॅन पाहून आईलाच विचारले, “आजी, हाड खारी बिस्किटासारखे झाले आहे. खारीत खिळा मारला तर तो किती दिवस टिकेल?” आईने उत्तर दिले नाही, पण तिचा निर्णय बहुधा त्याच क्षणी झाला असावा.

खारीची उपमा चांगली होती, तरी निर्णय उपमेवर घ्यायचा नव्हता, म्हणून मी वाचन केले. या विषयावर मोठे अभ्यास थोडे आहेत, कारण मुळात ही शस्त्रक्रियाच विरळ आहे; गुडघे जिथे वर्षाला हजारोंनी आणि लाखांनी बदलले जातात तिथे कोपरांची संख्या अगदी थोडी राहते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कॉब आणि मोरी या सर्जननी 1997 मध्ये वयस्कर रुग्णांच्या अशाच फ्रॅक्चरमध्ये थेट सांधा बदलल्याचे निकाल प्रसिद्ध केले, पण त्यांत अवघे 20 रुग्ण आणि 21 कोपरे होती. अधिक उपयोगी ठरला तो 2009 साली प्रसिद्ध झालेला कॅनडातील अभ्यास. त्यात 65 वर्षांवरील 42 रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले होते, एका गटाला प्लेटा आणि दुसऱ्याला नवा सांधा. प्लेटांच्या गटातल्या पाच जणांची हाडे प्रत्यक्ष टेबलावर जुळवताच आली नाहीत आणि त्यांचाही सांधाच बदलावा लागला. सांधा बदललेल्यांची शस्त्रक्रिया सरासरी अर्ध्या तासाने लवकर आटोपली आणि दोन वर्षांनंतरही त्यांच्या कोपराला अधिक गुण मिळत होते. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमाणात मात्र दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. 42 ही संख्या लहान आहे हे मान्य केले तरी, चुरा झालेले सांध्याचे तोंड, ठिसूळ हाड आणि सत्तरीपुढचे वय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर सर्जन सांधा बदलण्याकडे का झुकतात ते यावरून समजते.

इथे एक बारकावा सांगते, जो मला आमच्या डॉक्टरांनी सांगितला नसता तर कळला नसता. प्लेटा बसवताना सांधा नीट दिसावा म्हणून बरेचदा कोपराचे टोक, म्हणजे आपण टेबलावर टेकवतो ते हाड, करवतीने कापून वर उचलतात आणि शेवटी पुन्हा तारेने किंवा स्क्रूने जोडतात. पण हेच हाड कृत्रिम सांध्याच्या खालच्या दांड्याचे घर असते. ते कापून झाल्यावर तुकडे जुळत नाहीत असे लक्षात आले, तर सांधा बदलणे अवघड होऊन बसते. म्हणून ज्या रुग्णात दोन्ही शक्यता असतात त्याचे टोक न कापता आत शिरायचे, असा शहाणा नियम आहे. तुमच्या सर्जनना आधी हाच प्रश्न विचारा: जुळवायला गेलात आणि जुळले नाही, तर पुढचा मार्ग तुम्ही मोकळा ठेवला आहे का, आणि इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांधा, त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात हजर असेल का?

आता मुख्य गोष्ट. शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही सगळे धातूविषयी बोलत होतो, कोणत्या कंपनीचा, कोणत्या देशाचा, किती वर्षे टिकेल. आज मागे वळून पाहताना मला वाटते की या सेवेचा कस धातूवर फार थोडा लागतो. तो लागतो दंडामागच्या ट्रायसेप्स स्नायूवर, करंगळीकडे जाणाऱ्या नसेवर आणि कोपरामागच्या त्या पातळ कातडीवर. आमच्या सर्जननी या तिन्हींकडे दिलेले लक्ष हा या परीक्षणातला सर्वांत मोठा कौतुकाचा भाग आहे.

ट्रायसेप्स हा हात सरळ करणारा स्नायू कोपराच्या टोकाला चिकटलेला असतो आणि सांधा नेमका त्याच्या आड दडलेला असतो. तिथे पोहोचण्याच्या अनेक पद्धती आहेत. ट्रायसेप्स मधोमध चिरून दोन बाजूंना करणे ही एक जुनी पद्धत. ब्रायन आणि मोरी यांनी 1982 मध्ये मांडलेल्या पद्धतीत तो हाडावरून, त्याच्या आवरणासकट, एका अखंड पदरासारखा सोलून बाजूला केला जातो आणि शेवटी हाडाला भोके पाडून टाक्यांनी पुन्हा बांधला जातो. त्यामुळे दिसते उत्तम, पण बांधलेला स्नायू हाडाला धरेपर्यंत सुमारे सहा आठवडे हात जोर लावून सरळ करता येत नाही, आणि तो धरलाच नाही तर डोक्यावरच्या फळीवरून डबा काढणे कायमचे अवघड होते. तिसरी पद्धत म्हणजे ट्रायसेप्स हाडावरून मुळीच न सोडवता त्याच्या दोन्ही बाजूंनी खिडक्या करून काम करणे. नुसत्या संधिवाताच्या कोपरात या खिडक्या अरुंद पडतात. फ्रॅक्चरमध्ये मात्र मोडलेले तुकडे काढून टाकायचेच असल्याने तिथे आपोआप जागा होते, आणि दांडे त्या जागेतून आत सरकवता येतात. मोडलेल्या हाडाचा एवढा एकच फायदा असावा! आईची शस्त्रक्रिया या तिसऱ्या पद्धतीने झाली. परिणाम असा की चौथ्या आठवड्यात ती केस विंचरण्यासाठी हात वर नेत होती आणि तो हळूहळू, स्वतःच्या ताकदीने, खाली आणत होती.

तुकडे काढून टाकतात हे ऐकून आम्ही दचकलो होतो, कारण मनगट आणि बोटे हलवणारे स्नायू त्याच तुकड्यांना चिकटलेले असतात. पण या बाबतीतही अभ्यास झाले आहेत आणि ते तुकडे काढल्याने पकडीच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही असे त्यांत आढळले आहे. स्नायू आजूबाजूच्या मऊ भागांत रुजतात. आईच्या पकडीविषयी मी ग्वाही देऊ शकते. नातवाचा कान ती पूर्वीइतक्याच जोराने पिरगाळते.

नसेची गोष्ट थोडी वेगळी आहे. कोपर कुठे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीतून जाते. शस्त्रक्रियेत चिरल्यावर सर्वांत आधी ती शोधून, सुटी करून, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला कातडीखाली नेऊन ठेवतात. एवढी काळजी घेऊनही ती रुसू शकते. आईची करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग जवळजवळ तीन महिने बधिर होता. जपमाळ ओढताना मणी बोटाला कळत नाहीत अशी तिची तक्रार होती. हळूहळू ते गेले. या शक्यतेची कल्पना आम्हाला आधी देण्यात आली होती, त्यामुळे भीती वाटली तरी फसवणूक झाली असे वाटले नाही.

कातडीच्या बाबतीत मात्र एक लहानसा अपघात झाला. कोपरामागे मांस जवळजवळ नसतेच, धातू आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये पातळ कातडी एवढाच पडदा असतो, आणि म्हणूनच गुडघा किंवा खुब्याच्या मानाने इथे जंतुसंसर्गाचे प्रमाण जास्त असते. चीर कोपराच्या टोकावरून न नेता किंचित बाजूने वळवून घेतली होती आणि पहिले दोन दिवस हात सरळ ठेवून, उशांवर उंच करून ठेवला होता, जेणेकरून टाक्यांवर ताण येऊ नये. तरीही चौथ्या दिवशी ड्रेसिंग ओले दिसले. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरांनी ते पाहून, असे होतेच, म्हणून नवे ड्रेसिंग करून दिले. संध्याकाळी सर्जन आले, त्यांनी ते उघडून पाहिले, व्यायाम आठवडाभर पूर्ण थांबवला आणि हात पुन्हा सरळ पट्टीत ठेवला. जखम सुकली. तो आठवडा वाया गेला असे फिजिओथेरपिस्टला वाटत होते, पण माझ्या मते ती या संपूर्ण उपचारातली सर्वांत शहाणी विश्रांती होती. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर हालचाल लवकर सुरू करावी हे खरे. ओल्या जखमेवर ती करू नये हे त्याहून खरे.

धातूविषयीही थोडे लिहायला हवे, कारण पैसे त्याचेच जास्त लागतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कोपरासाठी जे सांधे बनले ते ताठ बिजागरीचे होते. हात हलताना कोपर फक्त वाकत-सरळ होत नाही, त्यात किंचित डावी-उजवी डुलणी आणि पीळ असतो. ताठ बिजागरीत तो सगळा ताण दांडे हाडात पक्के करणाऱ्या सिमेंटवर जाई आणि सांधे सैल पडत. दुसऱ्या टोकाला, वरचा आणि खालचा भाग एकमेकांना न जोडता नुसते एकावर एक बसवलेले सांधे आले; जपानमधील कुडो आणि स्कॉटलंडमधील साउटर-स्ट्रॅथक्लाइड ही त्यांतली नावे. ते संधिवाताच्या रुग्णांत चालत, पण त्यांना जागेवर राहण्यासाठी बाजूचे खांब आणि अस्थिबंध शाबूत लागतात, आणि आईकडे नेमके तेच उरले नव्हते. मधला मार्ग म्हणजे जोडलेली, पण मुद्दाम थोडी खिळखिळी ठेवलेली बिजागरी. अमेरिकेतल्या राल्फ कूनराड यांनी बनवलेला आणि मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मोरी यांनी सुधारलेला सांधा या घराण्यातला सर्वांत परिचित. त्यात सात ते दहा अंशांची डुलणी ठेवलेली असते. वाड्याच्या जुन्या दाराची बिजागरी जशी थोडी सैल असते म्हणून दार पावसाळ्यात फुगले तरी चौकट उखडत नाही, तसेच काहीसे. वरच्या दांड्याला पुढच्या बाजूने एक पाते असते, आणि त्या पात्याच्या आणि हाडाच्या मधल्या फटीत रुग्णाच्याच काढलेल्या तुकड्यातली हाडाची चकती बसवतात. ती पुढे हाडाशी एकजीव होते आणि दांडा मागे ढकलला जाण्याला व पिळवटण्याला विरोध करते. आईची कप्पी अशा रीतीने थोडी तरी कामी आली.

आईला बसवलेला सांधा याच घराण्यातला आहे. ती मोरीत पडली आणि जिच्यामुळे तिचा हात परत आला त्या रचनेच्या नावातही मोरीच, हा विनोद दादाने एवढ्या वेळा सांगितला आहे की आता आई तो त्याच्या आधी सांगून टाकते. दादाचे गॅरेज आहे. सिमेंट, दांडा आणि मधले प्लास्टिकचे बुश ही रचना त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळली. बुश झिजतात, आणि वेळेवर लक्ष दिले तर दांडे न काढता नुसते बुश बदलता येतात, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तो निश्चिंत झाला.

आपल्याकडचा एक संदर्भ इथे द्यायलाच हवा. कोलकात्याचे डॉ. डी. पी. बक्षी यांनी याच खिळखिळ्या बिजागरीच्या तत्त्वावर पोलादी सांधा बनवला आणि दुखापतीनंतर गोठलेल्या किंवा लुळ्या पडलेल्या कोपरांत तो बसवल्याचे निकाल 1998 मध्ये ब्रिटनमधील एका प्रतिष्ठित अस्थिशल्य नियतकालिकात प्रसिद्ध केले. आम्हाला रुग्णालयात देशी पर्यायाविषयी कोणी अवाक्षरही सांगितले नाही. त्याची माहिती मला नंतर मिळाली. आम्ही कदाचित तरीही परदेशीच निवडला असता, पण विचारायला हवे होते असे वाटते.

बिलाची गोष्ट थोडक्यात. एकूण 3 लाख 86 हजार रुपये झाले आणि त्यातले 2 लाख 10 हजार इम्प्लांटचे होते. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, पण ती गुडघ्यांपुरती होती. त्यामुळे कोपराच्या बाबतीत वितरक सांगेल तो आकडा ऐकून घ्यावा लागतो. विम्याच्या मंडळींनी पहिल्यांदा अर्ज परत पाठवला, कारण त्यांच्या यादीत कोपर सापडत नव्हते. दोन दिवस फोन केल्यावर सापडले.

आईच्या खोलीशेजारी त्याच आठवड्यात एक 31 वर्षांचा तरुण होता, दुचाकीवरून पडलेला. त्याचे कोपर निखळले होते, शिवाय रेडियसचे, म्हणजे कोपराखालच्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे, डोके फुटले होते आणि अल्नाच्या पुढच्या चोचीचा तुकडा पडला होता. डॉक्टर या तिन्ही दुखापतींच्या एकत्र येण्याला भयंकर त्रिकूट म्हणतात. त्याच्या आईने माझ्या आईला पाहून आपल्या मुलाचाही पूर्ण सांधा का बदलत नाहीत असे विचारले. उत्तर असे की तरुण, कष्ट करणाऱ्या माणसाला पूर्ण सांधा देणे म्हणजे तो सैल पडण्याची वाट पाहणे होय. त्याला फक्त रेडियसचे धातूचे डोके बसवले, चोच टाक्यांनी बांधली आणि बाहेरचा अस्थिबंध हाडाला परत जोडला. या लहान डोक्याच्या शस्त्रक्रियेतली मेख लांबीत असते. डोके मिलिमीटरांनी लांब झाले तरी सांधा आवळून बसतो आणि समोरच्या कूर्चेला घासतो. आणखी एका खोलीत चाळिशीतले एक गृहस्थ होते, ज्यांचे कोपर सात वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर काटकोनात गोठले होते. त्यांच्या मांडीवरचा पातळ पडदा काढून तो दोन हाडांच्या मध्ये अस्तरासारखा शिवण्याचे ठरले होते. अशा कोपरात ताकद आणि स्थैर्य बेताचे मिळते, पण पुढे वय झाल्यावर कृत्रिम सांध्याचा मार्ग खुला राहतो. दुखापतीनंतरचे कोपर बदलणे या एकाच नावाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी येतात, हे मला त्या व्हरांड्यात फेऱ्या मारताना कळले.

आता तक्रार. सांधा बदललेल्या हाताने आयुष्यभर एका वेळी चार-पाच किलोंपेक्षा जास्त आणि वारंवार एक किलोच्या वर उचलायचे नाही, हे आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी, कागदांच्या गठ्ठ्यातल्या तिसऱ्या पानावर, फिजिओथेरपिस्टने बोट ठेवून दाखवले. संमतीपत्रावर सही घेताना जंतुसंसर्ग, नस, भूल, रक्तस्राव हे सगळे सांगितले होते. ही मर्यादा सांगितली नव्हती. सर्जनना विचारले तर ते म्हणाले की ती सांगितली असणार, घाईत तुमच्या लक्षात राहिली नसेल. तसे नाही. भरलेली कळशी आठ-दहा किलोंची असते आणि दळणाचा डबा त्याहून जड. हे आयुष्यभर करत आलेल्या बाईपासून ही गोष्ट लपून राहिली असती तर तिने दुसऱ्या महिन्यात कळशी उचललीच असती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आईचे गुडघे दुखतात, आणि ती जमिनीवरून उठताना उजवा तळवा टेकून सगळे अंग त्यावर तोलून उठत असे. तेही बंद. पूजेला बसायचे तर आता पाट नाही, स्टूल. निर्णय कदाचित बदलला नसता. तो घेण्याचा हक्क मात्र तिचा होता, आणि या एका कारणासाठी मी या सेवेला पूर्ण गुण देणार नाही.

फिजिओथेरपी चांगली होती, पण तिची भाषा परकी होती. मोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये निरोगी माणसांच्या रोजच्या हालचाली मोजून दाखवले की बहुतेक कामांना कोपर 30 ते 130 अंशांत वाकले म्हणजे पुरते. आमच्या फिजिओथेरपिस्टचे लक्ष त्या दोन आकड्यांवर खिळलेले असे. आईचे लक्ष घास तोंडापर्यंत जातो की नाही, मागची वेणी घालता येते की नाही आणि भाकरी थापता येते की नाही यावर. घास पाचव्या आठवड्यात पोचला. वेणीला चार महिने लागले. भाकरीच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितले की रोज दहा भाकरी थापणे म्हणजे दिवसभर हलके हलके ठोके देणे, ते नको. कधीतरी एक-दोन चालतील. आईने कधीतरी या शब्दाचा अर्थ गुरुवार आणि रविवार असा लावला आहे.

सध्या तिचे कोपर 25 पासून 130 अंशांपर्यंत हलते, दुखत नाही, थंडीत थोडे आवळते. एक वर्षाच्या एक्स-रेमध्ये सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये सांधा सैल पडत असल्याची काळी रेघ दिसत नाही, पात्यामागची चकती हाडाला धरलेली दिसते. मेयो क्लिनिकच्या संधिवाताच्या रुग्णांत दहा-पंधरा वर्षांच्या पाहणीत सुमारे 92 टक्के सांधे टिकल्याचे प्रसिद्ध झाले आहे, पण तो आकडा आईला लावू नये, कारण संधिवाताच्या माणसाचे सांधे एकूणच कमी वापरले जातात, आणि जुन्या दुखापतीच्या कोपरांचे निकाल त्याहून खालचे आहेत. तिच्या वयाला आणि तिच्या बेताच्या कामाला हा सांधा पुरावा, अशी आमची अपेक्षा आहे.

तशीच दुखापत झालेल्या सत्तरीपुढच्या माणसासाठी मी या शस्त्रक्रियेची शिफारस करते, मात्र ती वर्षातून काही वेळा तरी करणाऱ्या सर्जनकडेच. पन्नाशीच्या आतल्यांनी प्लेटा, अस्तर किंवा रेडियसचे डोके यांपैकी काय जमते ते आधी पूर्ण तपासावे. आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचे आकार व क्रमांक छापलेले स्टिकर रुग्णालय फाइलमध्ये चिकटवते, त्याची एक प्रत मागून घ्या. बुश बदलायची वेळ आली तर आत काय आहे हे त्यावरूनच कळणार. आमची प्रत आईने देवघरातल्या पोथीत ठेवली आहे. दळण आता दादा आणतो. आई दारात उभी राहून डबा किती किलोंचा आहे ते विचारते आणि मग डाव्या हाताने फक्त झाकण उघडून पाहते.